बटाट्याच्या पिठाचे रंग

बटाट्याची भाजी आपण नेहमी खातो. पण याच बटाट्याच्या पिठाने एकेकाळी रंगीत फोटो निघत, हे सांगितले तर खरे वाटेल का? पण ते खरे आहे, बरं का!

पूर्वी फोटो बहुधा काळे-पांढरेच असत. कोणी त्यांत हाताने रंग भरी. फ्रान्स देशातील ऑग्युस्त आणि लुई ल्युमिएर या दोघा भावांनी एक युक्ती काढली. १९०७ साली त्यांच्या काचा बाजारात आल्या.

युक्ती अशी. बटाट्याच्या पिठाचे फार बारीक कण घ्यायचे. काही नारिंगी, काही हिरवे, काही निळे-जांभळे रंगवायचे. सगळे मिसळून काचेवर पसरायचे. फटींत काजळी भरायची. वर फोटोचा मसाला लावायचा. उजेड कणांतून गाळून मसाल्यावर पडे. मग काच औषधात धुवायची. कापड तांबडे असेल, तर तेथे नारिंगी कण उघडे राहत, बाकीचे झाकले जात. काच उजेडापुढे धरली, की कापड तांबडे दिसे. मात्र फोटो निघेपर्यंत माणसाने हलायचे नाही!

पॅरिसच्या आल्बेर कान या धनवान पेढीवाल्याने ओळखले, की जुन्या चालीरीती आता जाणार. त्याने देशोदेशी फोटो काढणारे धाडले. त्यांतला स्तेफान पासे १९१३-१४ च्या सुमारास हिंदुस्थानात येऊन गेला. १९०९ ते १९३१ या काळात सुमारे ७२,००० रंगीत काचा जमल्या. १९२९ च्या मंदीनंतर कान बुडाला. पण काचा टिकल्या. पॅरिसजवळच्या संग्रहालयात त्या आजही आहेत.

काळा-पांढरा फोटो पाहिला, की ती माणसे फार दूरची वाटतात. रंग दिसला, की ती आपल्यासारखीच दिसतात. त्यांचेही आभाळ निळे होते, पागोटी रंगीत होती. पण पुष्कळांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत. रंग राहिला, नाव गेले.

आपल्या घरीही आजी-आजोबांचा फोटो असेल. आता आपल्याला लिहिता येते. वडीलधाऱ्यांना विचारा. फोटोच्या मागे शिसपेन्सिलीने, हलक्या हाताने नाव, गाव आणि साल लिहा. लुगड्याचा रंग कोणाला आठवत असेल, तर तोही लिहा. सांगणारे माणूस आहे, तोवरच हे काम होईल.