बाबांचा आजार कळला, आता पुढे काय?

प्रश्न : माझे वडील ५८ वर्षांचे आहेत. किडनीचा कॅन्सर फुफ्फुसात पसरलाय. आई त्यांना काही सांगू देत नाही. घरात कुणी धड बोलत नाही. काय करावे? (एक वाचक, जऊळका)

उत्तर : लपवाछपवीने माणूस एकटा पडतो. बाबांना विचारा, ‘डॉक्टर काय म्हणाले, ते ऐकायचंय का?’ ते जेवढे विचारतील, तेवढेच सांगा. पण खोटे नको. पसरलेला आजार सहसा मुळापासून जात नाही. तरी गोळ्या आणि इम्युनोथेरपीने अनेकांचा आजार बराच काळ आटोक्यात राहतो.

एक वही करा : रोजचे बीपी, वजन, तळहात-तळपायांची आग, डॉक्टरांना विचारायचे प्रश्न. दुखते म्हणून दुकानातून परस्पर गोळी आणू नका. काही वेदनाशामके किडनीला घातक ठरतात. वेदनाशमन, म्हणजे पॅलिएटिव्ह केअर, फक्त शेवटच्या दिवसांसाठी नसते. ती आजच मागा.

नागपूरच्या राष्ट्रसंत तुकडोजी कॅन्सर रुग्णालयात किंवा परळच्या टाटा रुग्णालयात समाजसेवा विभागाला आधी भेटा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत तुमचे उपचार बसतात का, तेही विचारा. उपचारासाठीच्या रेल्वे प्रवासात रुग्ण व सोबत्याला सवलत मिळते. रुग्णालयाचा दाखला लागतो. मुंबईत उतरायला दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आहे.

आणि आई? तिचीही झोप उडाली असेल. मन मोकळे करायला टेली-मानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे. मराठीत बोलता येते.