गोळीचा गुळगुळीतपणा : लेपातील घटकांचे गणित

औषधाची गोळी घशातून अलगद उतरते की टाळ्याला चिकटते, हे बहुतांशी तिच्यावरील पातळ पडद्यावर ठरते. गिळताना त्रास होऊ लागला की अनेक वृद्ध रुग्ण औषध घेण्याचेच टाळतात. उत्पादकाच्या दृष्टीने पाहिल्यास, खरखरीत गोळ्यांची बॅच नाकारली गेली म्हणजे लघुउद्योजकाचे खेळते भांडवल अडकले.

पूर्वी गोळ्यांवर साखरेचे थर चढवीत. या कामास कित्येक दिवस लागत आणि गोळीचे वजन दीडपट ते दुप्पट होई. परंतु जाड थराखाली गाभ्यावरील खाचखळगे बुजून जात. १९५० च्या दशकात आलेल्या फिल्म कोटिंगने वजन जेमतेम २ ते ४ टक्के वाढते. हा पडदा इतका पातळ, की गाभ्याचे दोष तो लपवीत नाही. साहजिकच लेपातील घटकांच्या प्रमाणास महत्त्व आले.

पडदा बनतो तो मुख्यतः हायप्रोमेलोज या सेल्युलोजपासून तयार केलेल्या पॉलिमरचा. त्याचे द्रावण जितके दाट, तितके फवाऱ्याचे थेंब मोठे होतात आणि गोळीवर पडल्यावर पसरत नाहीत. ते पसरण्यापूर्वीच सुकले की पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा दिसतो. कारखान्यांतही या दोषाला ‘ऑरेंज पील’ असेच म्हणतात. म्हणून कमी चिकटपणाचा पॉलिमर निवडतात. द्रावण पाण्याने फार पातळ करण्याचा मार्ग वरवर स्वस्त वाटतो, पण वाळवण्याचा वेळ व इंधन वाढते आणि गोळ्या ओलसर राहून एकमेकींना चिकटतात.

पडद्याला लवचिकता देण्यासाठी पॉलिथिलीन ग्लायकॉल घालतात. ते कमी पडल्यास पडदा तडकतो, किंवा ताणला जाऊन गोळीवर कोरलेली अक्षरे झाकतो. अधिक झाल्यास चिकट होतो. टाल्क चिकटपणा आवरते, मात्र त्याचा अतिरेक चकाकी घालवतो.

रंगासाठीच्या टायटॅनियम डायऑक्साइडचे कण नीट दळलेले नसतील, तर त्यांचे पुंजके पृष्ठभागावर जाणवतात. युरोपीय संघाने २०२२ मध्ये खाद्यपदार्थांत या पदार्थास बंदी केली, औषधांत मात्र त्याची मुभा ठेवली. कॅल्शियम कार्बोनेट वा स्टार्च हे पर्याय आहेत. परंतु त्यांची झाकण्याची शक्ती कमी असल्याने ते अधिक घालावे लागतात व गुळगुळीतपणा राखणे अवघड जाते. शिवाय घटक बदलला की गोळीच्या टिकाऊपणाच्या चाचण्या नव्याने कराव्या लागतात. निर्यातदार लघुउद्योजकाने हा खर्च प्रकल्प अहवालात आधीच धरलेला बरा.