लाकूड कातण्याची कला : आरंभ कसा करावा?

पोळपाटावर फिरणारे लाटणे, रवीचा दांडा, देव्हाऱ्याचे खांब, पाळण्याचे गज आणि मुलांच्या हातातील भोवरा या सर्व वस्तूंत एक साम्य आहे. त्यांचा घाट फिरत्या लाकडाला हत्यार लावून घडविलेला असतो. एरवीच्या सुतारकामात लाकूड स्थिर असते व हत्यार चालते. येथे लाकूड फिरते आणि हत्यार आधारावर टेकलेले असते. मराठीत या कामाला कातकाम आणि ते करणाऱ्या कारागिराला कातारी म्हणतात.

भारतात या कलेची परंपरा समृद्ध आहे. कच्छमधील निरोणा येथील कारागीर धनुष्याच्या दोरीने लाकूड पुढे-मागे फिरवून त्यावर लाखेचे रंग चढवितात. कर्नाटकातील चन्नपट्टण आणि आंध्र प्रदेशातील एटिकोप्पाका येथील लाखकामाच्या खेळण्यांना भौगोलिक निर्देशांक लाभला आहे. एटिकोप्पाकाच्या कलेसाठी झटणारे सी. व्ही. राजू यांना २०२३ साली पद्मश्री देऊन गौरविण्यात आले. सावंतवाडीची लाकडी फळे व खेळणी तर मराठी वाचकांच्या परिचयाची आहेतच.

आता विजेवर चालणारे छोटे लेथ, म्हणजेच कातयंत्र, घरच्या एखाद्या कोपऱ्यातही बसू शकते. त्यामुळे नोकरी-व्यवसाय सांभाळून किंवा निवृत्तीनंतर या छंदाकडे वळणे शक्य झाले आहे. मात्र उत्साहाच्या भरात घेतलेले यंत्र काही महिन्यांतच चादरीखाली झाकले जावे, असेही घडते. दोष बहुधा यंत्राचा नसतो. हत्यारांना धार नसते आणि शिकण्याचा क्रम उलटा असतो. या दोन गोष्टी साधल्या, तर साध्या यंत्रावरही उत्तम काम होते; त्या न साधल्यास महागडे यंत्रही उपयोगी पडत नाही.

यंत्राची निवड

लेथची क्षमता दोन मापांनी सांगितली जाते. त्यावर जास्तीत जास्त किती व्यासाची वस्तू फिरू शकते, हे पहिले माप. दोन टोकांच्या मध्ये किती लांबीचे लाकूड बसते, हे दुसरे. दहा इंच व्यास व सोळा ते अठरा इंच लांबी सामावणारा, अर्ध्या अश्वशक्तीच्या मोटरचा लेथ नवशिक्यास पुरेसा ठरतो. अर्धी अश्वशक्ती म्हणजे सुमारे ३७३ वॅट. त्यामुळे तो घरगुती वीजजोडणीवर चालतो. अर्थिंग मात्र निर्दोष असले पाहिजे.

खरेदी करताना तीन बाबी तपासाव्यात. डावीकडील फिरते टोक आणि उजवीकडील आधाराचे टोक जवळ आणल्यास ती एकमेकांना अचूक भिडली पाहिजेत. स्पिंडल हाताने हलविल्यास सैल लागता कामा नये. स्पिंडलवरील आट्यांचे माप प्रचलित असावे, अन्यथा पुढे चक मिळणे कठीण जाते. यंत्र जड मेजावर बोल्टने पक्के बसवावे आणि स्पिंडलची उंची उभ्या माणसाच्या कोपराइतकी ठेवावी. उंची चुकल्यास पाठ दुखू लागते आणि सराव सुटतो.

हत्यारे आणि धार

आरंभी चार हत्यारे पुरतात : चौकोनी लाकडाचे कोपरे काढण्यासाठी रुंद गोल पटाशी, मणी व खाचा घडविण्यासाठी अरुंद गोल पटाशी, गुळगुळीत कापासाठी तिरप्या धारेची पटाशी आणि माप निश्चित करण्यासाठी पार्टिंग टूल. ती हाय स्पीड स्टीलची असावीत. ग्राइंडरवर तापून साधे पोलाद मऊ पडते. हाय स्पीड स्टील तेवढ्या उष्णतेने बिघडत नाही.

धार इतक्या लवकर का जाते, हे हिशेबाने स्पष्ट होते. दोन इंच व्यासाचा दांडा मिनिटाला १,५०० फेऱ्या घेत असेल, तर दर मिनिटाला सुमारे २४० मीटर लाकूड धारेखालून सरकते. दहा मिनिटांत ते अंतर सुमारे २,४०० मीटर होते. म्हणूनच काम करताना दर काही मिनिटांनी हत्यार ग्राइंडरला लावणे, हा कातकामाचाच एक भाग मानावा.

धारदार हत्यारातून लांब, कुरळी ढलपी निघते. बोथट हत्यारातून भुसा उडतो. हत्यार बोथट झाले की नवशिका जोर लावतो, आणि जोर लावला की हत्यार लाकडात रुतून झटका बसतो. अनेक अपघातांचे मूळ या साखळीत असते.

ग्राइंडर शक्यतो मिनिटाला सुमारे १,४०० फेऱ्यांचा व पांढऱ्या ॲल्युमिनियम ऑक्साइडच्या चाकाचा घ्यावा. धारेमागचा उतार दर वेळी त्याच कोनात घासला जावा, यासाठी साधा उपाय आहे. उतारावर मार्कर पेनाने शाई लावावी, चाक हाताने फिरवून हत्यार हलकेच टेकवावे आणि शाई कोठे पुसली गेली, ते पाहावे. ती संपूर्ण उतारावर सारखी पुसली गेली, तर कोन बरोबर आहे असे समजावे.

लाकूड

चन्नपट्टण व एटिकोप्पाका येथील कारागिरांनी काळ्या कुड्याचे लाकूड निवडले, ते त्याच्या मऊपणामुळे व बारीक पोतामुळे. नवशिक्यानेही हेच तत्त्व पाळावे : सरावाचे लाकूड स्वस्त, मऊ, सरळ तंतूंचे आणि गाठी-चिरा नसलेले असावे. वखारीत उरलेले तुकडे यासाठी उत्तम. जुन्या फर्निचरचे लाकूड घेतल्यास त्यात खिळा नाही, याची खातरजमा करावी.

ओले लाकूड वाळताना तडकते. म्हणून ओंडक्याची दोन्ही टोके मेणाने अथवा रंगाने बंद करून तो सावलीत ठेवावा. दर आठवड्यास वजन करून तारखेनिशी नोंदवावे. वजन घटणे थांबले की लाकूड वापरण्यायोग्य झाले.

पहिला पाठ : लाटणे

पहिली वस्तू म्हणून लाटणे आदर्श होय. त्यात सरळ दांडा आहे, टोकांकडे उतार आहे, मुठी आहेत आणि घरात त्याची परीक्षा लगेच होते. मात्र त्याआधी आठ-दहा तुकडे केवळ सरावासाठी खर्ची घालावेत. चौकोनी तुकडा गोल करावा, त्यावर ओळीने मणी व खाचा काढाव्यात, त्या काढून टाकून पुन्हा काढाव्यात, आणि दांडा अंगठ्याएवढा बारीक होईपर्यंत हा क्रम चालू ठेवावा.

लाटण्यासाठी दीड ते दोन इंच चौरस व चौदा इंच लांब तुकडा घ्यावा. दोन्ही टोकांवर कर्ण आखून मध्य काढावा, तुकडा दोन टोकांमध्ये घट्ट बसवावा आणि हत्यार टेकविण्याचा आधार लाकडापासून तीन-चार मिलिमीटरवर ठेवावा. यंत्र सुरू करण्यापूर्वी लाकूड हाताने एक पूर्ण फेरी फिरवावे. ते आधाराला कोठेही लागता कामा नये.

हत्यार लावण्याचा क्रम कधीही बदलू नये. प्रथम हत्यार आधारावर टेकवावे, नंतर धारेमागचा उतार लाकडाला लावावा आणि शेवटी मूठ हलकेच उचलून धारेला काम करू द्यावे. दांड्यावर काप नेहमी जाड भागाकडून बारीक भागाकडे न्यावा. उलट दिशेने तंतू उचकटतात. पॉलिश पेपर लावताना आधार काढून ठेवावा. लाटणे पिठाला लागणार असल्याने त्यावर रंग वा वार्निश न चढविता खाद्योपयोगी खनिज तेल लावणे उचित.

वाडगा घडविण्याचा मोह आरंभी टाळावा. दांड्याचे तंतू धारेला सारखेच सामोरे येतात. वाडग्यात मात्र प्रत्येक फेरीत त्यांची दिशा बदलत राहते. दांड्यासाठीची रुंद गोल पटाशी वाडग्यासाठी कदापि वापरू नये. मुठीत बसणारे तिचे शेपूट बारीक असते आणि झटक्याने ते तुटू शकते.

वेग आणि दक्षता

वेगाचा एक प्रचलित ठोकताळा आहे : व्यास इंचांत घेऊन त्यास फेऱ्यांनी गुणल्यास गुणाकार ६,००० ते ९,००० यांच्या दरम्यान यावा. दहा इंचांसाठी हा वेग ६०० ते ९०० फेऱ्यांचा होतो. लहान व्यासाला मोठा वेग निघत असला, तरी नवशिक्याने बऱ्याच कमी वेगाने आरंभ करावा. ओबडधोबड लाकूड तर नेहमी हळूच फिरवावे. दहा इंच व्यासाची वस्तू १,००० फेऱ्यांनी फिरते, तेव्हा तिची कड ताशी सुमारे ४८ किलोमीटर वेगाने धावत असते. त्या वेगाने सुटलेला तुकडा चेहऱ्यावर आल्यास काय होईल, हे सांगावयास नको. म्हणून पूर्ण चेहरा झाकणारे आवरण घालावे आणि यंत्र सुरू करताना लाकडाच्या समोर न थांबता बाजूस उभे राहावे.

हातमोजे, अंगठी, साखळी, सैल बाही, ओढणी वा पदर यांना लेथजवळ स्थान नाही. संरक्षणासाठी घातलेला हातमोजाच बोटे ओढून नेतो. लाकडाच्या भुशाची गणना जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली माणसात कर्करोग घडविणाऱ्या घटकांत केली आहे. तेव्हा चांगला मास्क हा या कामातील अनिवार्य खर्च समजावा.

हिशेबाची बाजू

उपलब्ध रक्कम पूर्णपणे यंत्रावर खर्च करणे ही ठळक चूक होय. निम्मी रक्कम यंत्रासाठी आणि उरलेली हत्यारे, ग्राइंडर, चक व संरक्षक साधने यांसाठी, अशी विभागणी सोयीची ठरते. उदाहरणादाखल, एकूण गुंतवणूक ६०,००० रुपये व आयुष्य दहा वर्षे धरल्यास वार्षिक घसारा ६,००० रुपये होतो. वर्षात ६० वस्तू घडल्या तर प्रत्येकीवर १०० रुपये, आणि केवळ १२ घडल्या तर ५०० रुपये घसारा पडतो. न वापरलेले यंत्र सर्वांत महाग, ते या अर्थाने.

२०२३ साली सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत सुतार आणि बाहुल्या-खेळणी घडविणारे कारागीर समाविष्ट आहेत. पात्र कारागिरांना तीत प्रशिक्षणाबरोबरच दोन टप्प्यांत तीन लाख रुपयांपर्यंत विनातारण कर्ज पाच टक्के व्याजाने मिळू शकते. परंतु ती परंपरागत कारागिरांच्या उपजीविकेसाठी आहे. ज्यास छंद म्हणून आरंभ करावयाचा आहे, त्याने सहा महिन्यांचे आवर्ती ठेव खाते उघडून रक्कम जमवावी आणि त्या काळात जवळपासच्या एखाद्या कातारी कारागिराच्या परवानगीने त्याचे काम पाहावे. सहा महिन्यांनंतरही ओढ टिकली, तर खरेदी निर्धास्तपणे करावी.

यंत्र एकदाच विकत घ्यावे लागते. धार मात्र रोज नव्याने द्यावी लागते. ज्याने हे प्रथमच ओळखले, त्याचे पहिले लाटणे थोडे वाकडे उतरले तरी दहावे निश्चितच सरळ उतरेल, आणि त्याच्या हाताची दहाही बोटे शाबूत राहतील.