आजारांचे बिऱ्हाड

प्रस्तावना

ताप आला, औषध घेतले, ताप उतरला. आजारपणाविषयीची आपली समजूत बहुधा एवढीच असते. परंतु मधुमेह, उच्च रक्तदाब, दमा, संधिवात यांसारखे विकार एकदा जडले की सहसा पूर्णपणे जात नाहीत. शिवाय ते नेहमी एकेकटे येतात असेही नाही. एकाच व्यक्तीला असे दोन-तीन विकार असतील, तर तिच्या उपचारांचा विचार कसा व्हायला हवा, हे तुम्ही या पाठात पाहणार आहात.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्ही :
• दीर्घकालीन आजार आणि सहव्याधी म्हणजे काय ते सांगू शकाल;
• एका आजाराचे औषध दुसऱ्या आजाराला कसे बाधते, हे उदाहरणाने स्पष्ट करू शकाल;
• प्राथमिक आरोग्यसेवेचे महत्त्व आपल्या शब्दांत लिहू शकाल.

पाठ

चामराजपेट ही बेंगळुरू शहरातील एक जुनी वसाहत आहे. म्हैसूरचे महाराज चामराजेंद्र वडेयर यांच्या नावाने ती १८९२ साली वसवण्यात आली. त्यानंतर सहाच वर्षांनी, १८९८ साली, शहरात प्लेगची साथ आली. त्या काळी रोग म्हटला की लोकांच्या डोळ्यांसमोर साथच उभी राही. ती वादळासारखी येई, घरेच्या घरे ओस पाडी आणि ओसरून जाई. आजचे अनेक रोग तसे नाहीत. ते मुकाट्याने येतात आणि देहात बिऱ्हाड करून राहतात.

चामराजपेटेत रुग्णालयांची उणीव नाही. मिंटो नेत्र रुग्णालय १९१३ पासून येथील आपल्या इमारतीत आहे. जवळच १९०० साली सुरू झालेले व्हिक्टोरिया रुग्णालय आहे आणि त्याला लागून स्त्रिया व मुले यांच्यासाठीचे वाणीविलास रुग्णालय आहे. डोळ्यांचे तज्ज्ञ एकीकडे, हाडांचे दुसरीकडे, हृदयाचे तिसरीकडे. प्रत्येक जण आपापल्या विषयात निष्णात असतो. तरीही एक प्रश्न शिल्लक उरतो : अवयव वेगवेगळे असले तरी माणूस एकच असतो, त्या सबंध माणसाकडे कोणी पाहायचे?

अशा वसाहतीत राहणाऱ्या एका आजींची कल्पना करा. वय पासष्ट. आयुष्य शिवणयंत्रावर गेले. त्यांच्या घरात मराठी, दारात कन्नड आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीवर इंग्रजी. पंधरा वर्षांपासून मधुमेह आहे, रक्तदाब आहे, गुडघे दुखतात, अलीकडे दिसतही कमी. चार विकारांसाठी चार दवाखाने आणि चार फायली. सकाळच्या गोळ्या कोणत्या आणि रात्रीच्या कोणत्या, हे सूनबाई पाठ करून ठेवतात. एके दिवशी आजींना चक्कर येते. सूनबाई त्यांना जवळच्या लहानशा दवाखान्यात घेऊन जातात. तेथील डॉक्टर नवी गोळी लिहून देत नाहीत. ते म्हणतात, "अज्जी, घरात जेवढ्या गोळ्या असतील, तेवढ्या सगळ्या एका पिशवीत घालून आणा."

पिशवी टेबलावर रिकामी होते, तेव्हा खरा प्रकार उघडकीस येतो. दोन पाकिटांवर नावे निराळी, पण आतले औषध एकच आहे. रक्तदाबाची तीच गोळी आजी रोज दोनदा घेत होत्या. एक गोळी वर्षापूर्वीच बंद केलेली, तरी चालूच राहिली होती. गुडघ्यांसाठी औषधांच्या दुकानातून परस्पर आणलेली वेदनाशामक गोळी तर महिनोन्‌महिने सुरू होती. अशा अनेक वेदनाशामक गोळ्यांनी रक्तदाब वाढतो आणि मूत्रपिंडावर ताण येतो. मधुमेहामुळे मूत्रपिंड आधीच दुबळे होण्याचा धोका असतो. मूत्रपिंड दुबळे झाले, तर साखर कमी करणारी काही औषधे शरीरात अधिक काळ रेंगाळतात आणि साखर एकाएकी फार खाली जाऊ शकते. एका धाग्याला ओढ बसली की सबंध वस्त्राला सुरकुती पडते, तसेच हे आहे. दम्यासाठी दिलेल्या स्टिरॉइडच्या गोळ्यांनी मधुमेह्याची साखर वाढते, हेही अशाच गुंत्याचे उदाहरण होय.

डॉक्टर आणखी एक प्रश्न विचारतात : "तुम्हाला सर्वांत जास्त कशाची अडचण होते?" आजी साखरेचे नाव घेत नाहीत, गुडघ्यांचेही घेत नाहीत. त्या म्हणतात, "सुईत दोरा ओवता येत नाही." ज्या हातांनी घर चालवले, ते हात आता रिकामे बसले आहेत, हे त्यांचे खरे दुःख. तपासणीत मोतीबिंदू दिसतो. आजींना नेत्र रुग्णालयात पाठवले जाते आणि दोन अनावश्यक गोळ्या बंद होतात. औषध वाढवणे हा जसा उपचार, तसाच ते विचारपूर्वक कमी करणे हाही उपचारच असतो.

या प्रश्नाला पैशाचीही बाजू आहे. बेंगळुरूच्याच के. जी. हळ्ळी या गरीब वस्तीतील ९,२९९ कुटुंबांची पाहणी करून २०१२ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. दीर्घकालीन आजार असलेल्या कुटुंबांपैकी शेकडा १६ कुटुंबांना आपल्या उत्पन्नाच्या दहाव्या हिश्श्याहून अधिक रक्कम केवळ बाह्यरुग्ण उपचारांवर खर्च करावी लागत होती. उपचारांसाठी मोठ्या रुग्णालयांत जाणाऱ्या कुटुंबांना हा धोका अधिक होता. त्याच वर्षी स्कॉटलंडमधील सुमारे साडेसतरा लाख रुग्णांच्या नोंदींचा अभ्यास 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. सहव्याधी श्रीमंतांपेक्षा गरीब वस्त्यांत दहा ते पंधरा वर्षे आधीच सुरू होतात, असे त्यातून दिसले. कष्टाच्या वयातच देह थकतो आणि औषधांमुळे खिसाही रिकामा होतो.

म्हणूनच घराजवळच्या, ओळखीच्या दवाखान्याचे मोल मोठे आहे. १९७८ साली आल्मा-आटा येथील जागतिक परिषदेने प्राथमिक आरोग्यसेवा हा आरोग्यव्यवस्थेचा पाया मानला. कर्नाटकात डिसेंबर २०२२ मध्ये शहरी वस्त्यांसाठी 'नम्मा क्लिनिक' ही मोफत दवाखान्यांची योजना सुरू झाली. 'नम्मा' म्हणजे 'आपला'. दवाखाना खऱ्या अर्थाने आपला होतो, तो मात्र नावाने नव्हे. तेथे तेच डॉक्टर पुन्हा भेटावेत, मागची नोंद हाताशी असावी आणि रुग्णाचे बोलणे ऐकायला पुरेसा वेळ असावा. तज्ज्ञांची गरज असतेच. पण चार तज्ज्ञांचे सल्ले एका देहाला पेलतील असे जुळवून देणाराही कोणी हवा असतो.

रुग्णालाही यात आपला वाटा उचलता येतो. सर्व औषधांची यादी एकाच वहीत ठेवावी. कोणत्याही डॉक्टरांकडे जाताना ती वही व सगळ्या गोळ्या सोबत न्याव्यात. दुकानातून परस्पर आणलेली गोळी लपवू नये. मात्र कोणतेही औषध स्वतःच्या मनाने बंद करू नये. समजले नाही, तर पुन्हा विचारण्यात संकोच कसला?

शब्दार्थ

बिऱ्हाड – राहण्याची जागा, मुक्काम
सहव्याधी – मूळ आजाराबरोबर असणारे इतर आजार
निष्णात – तरबेज, कुशल
वेदनाशामक – दुखणे कमी करणारे
बाह्यरुग्ण – रुग्णालयात दाखल न होता उपचार घेणारा रुग्ण

पाठान्त प्रश्न

१. प्लेगसारखी साथ आणि आजचे दीर्घकालीन आजार यांतील फरक दोन-तीन वाक्यांत लिहा.
२. आजींच्या पिशवीतून कोणत्या तीन चुका उघडकीस आल्या?
३. 'औषध कमी करणे हाही उपचारच असतो', या विधानाचा अर्थ पाठाच्या आधारे स्पष्ट करा.
४. पुढील वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा : बिऱ्हाड करणे, उघडकीस येणे, वाटा उचलणे.

उपक्रम

तुमच्या घरातील किंवा शेजारच्या एखाद्या वडीलधाऱ्या व्यक्तीजवळ बसा. त्या घेत असलेल्या सर्व औषधांची नावे, वेळा आणि ती कोणत्या आजारासाठी आहेत, याची मराठीत यादी करून त्यांना द्या. पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाताना ती सोबत नेण्याची आठवण करा.