परक्या बाजारातील पहिला दिवस

प्रास्ताविक

बाजार आपणा सर्वांच्याच परिचयाचा असतो. आठवड्याचा बाजार, भाजीमंडई आणि रस्त्याच्या कडेच्या हातगाड्या यांशिवाय आपल्या गावाचे चित्र डोळ्यांसमोर उभे राहत नाही. हाच बाजार परक्या देशात पाहावयास मिळाला, तर माणूस त्यात काय शोधतो? प्रस्तुत पाठात एका कुटुंबाच्या सिंगापूर येथील सुट्टीच्या पहिल्या दिवसाचे वर्णन आले आहे. लेखकासोबत त्याची पत्नी, शाळेत शिकणारी मुलगी आणि एकाहत्तर वर्षांची आई आहे. पाठ वाचताना आईच्या प्रश्नांकडे विशेष लक्ष द्या.

हा पाठ अभ्यासल्यावर तुम्हांला प्रवासवर्णनातील निरीक्षण आणि आठवण यांचा संबंध स्पष्ट करता येईल, रस्त्यावरील विक्रेत्यांच्या जीवनाविषयी स्वतःचे मत मांडता येईल आणि स्वतः पाहिलेल्या एखाद्या बाजाराचे वर्णन लिहिता येईल.

मूळ पाठ

मुंबईहून मध्यरात्री निघालेले आमचे विमान २०२५ च्या मे महिन्यातील एका सकाळी सिंगापूरच्या चांगी विमानतळावर उतरले. माझ्या मनगटावरील घड्याळात साडेपाच वाजले होते, तर विमानतळावरील घड्याळात आठ. सिंगापूरची वेळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे. मुलीने ताबडतोब आपले घड्याळ पुढे केले. आईने केले नाही. "घरी किती वाजलेत ते कळायला नको का?" ती म्हणाली.

आईचा हा पहिलाच विमानप्रवास. पासपोर्टवर परदेशाचा शिक्का उमटणार, याची तिला मोठी उत्सुकता होती. परंतु तेथे आता शिक्का मारीत नाहीत. प्रवेशाच्या परवानगीचा संदेश ई-मेलने येतो. "मग मी इथं आले होते याला पुरावा काय?" असे ती पुटपुटली, आणि कोरे पान पुन्हा एकदा उलटून पाहून तिने पासपोर्ट पिशवीत ठेवला.

विमानतळावरूनच मेट्रो निघते. एक्स्पो या स्थानकावर गाडी बदलून आम्ही 'लिटल इंडिया' या भागाकडे निघालो. स्थानकात सूचनाफलक होते: गाडीत खाणे-पिणे केल्यास ५०० डॉलर दंड. त्याशेजारी फणसासारख्या काटेरी फळाचे चित्र आणि त्यावर आडवी रेघ. हे डुरियन. त्याचा वास इतका उग्र असतो, की ते गाडीत नेण्यास मनाई आहे. त्या दिवसांत एका सिंगापुरी डॉलरला सुमारे पासष्ट रुपये पडत. आईने दंडाचा हिशेब मनातल्या मनात केला आणि हातातली पाण्याची बाटलीही पिशवीत लपवली.

हॉटेलची खोली दुपारनंतर मिळणार होती. सामान तेथे ठेवून आम्ही पायीच बाहेर पडलो. या भागात एकेकाळी गुरांचा व्यापार चाले. तेथील एका रस्त्याचे नाव आजही 'बफेलो रोड' आहे आणि जवळच्या दुसऱ्या रस्त्याचे नाव 'करबाऊ रोड'. मलय भाषेत करबाऊ म्हणजे म्हैसच! दोन भाषांत दोन रस्त्यांना एकाच जनावराचे नाव पाहून मुलगी खूप हसली. फुलांचे गजरे, केळीची पाने, उदबत्तीचा वास आणि तमिळ अक्षरांतील पाट्या यांमुळे आपण परदेशात आहोत हे मनाला पटवावे लागत होते.

बफेलो रोडच्या तोंडाशीच टेक्का सेंटर आहे. १९८२ मध्ये सुरू झालेल्या या इमारतीत तळमजल्यावर भाजी, मासळी व मांस यांचा बाजार आणि खाद्यपदार्थांचे गाळे आहेत, तर वरच्या मजल्यावर कपड्यांची दुकाने. अशा खाद्यबाजाराला तेथे 'हॉकर सेंटर' म्हणतात. वर छप्पर, फिरते पंखे, जमिनीत पक्की बसवलेली मेजे व बैठका आणि कडेने ओळीने गाळे. एक मेज रिकामे दिसले म्हणून आम्ही बसू लागलो, तर त्यावर कागदी रुमालांचे छोटे पाकीट पडलेले. कोणी विसरले असावे असे समजून मुलीने ते बाजूला सारले. शेजारच्या गृहस्थांनी हसून खुणेने सांगितले, की ती जागा राखून ठेवलेली आहे. आपल्याकडे एस. टी. च्या खिडकीतून रुमाल टाकण्याची जी रीत, तीच ही! आम्ही दुसरे मेज शोधले.

एका गाळ्यावर साठीच्या आसपासची एक तमिळ बाई प्राटा करीत होती. प्राटा म्हणजे दक्षिणेकडील परोट्याचेच सिंगापुरी रूप. तेलाचा हात लावलेला मैद्याचा गोळा ती दोन्ही हातांनी हवेत झुलवी, तो रुमालाएवढा पातळ होई. मग घडी घालून तव्यावर टाकी. अंडे नसलेला साधा प्राटा हवा असल्यास 'कोसोंग' म्हणावे. मलय भाषेत कोसोंग म्हणजे रिकामे. सोबत कोणते कालवण मिळेल हे मात्र शाकाहारी माणसाने आधी विचारून घ्यावे. आम्ही डाळ मागितली. साध्या प्राट्याचा दर दीड डॉलर होता. "म्हणजे शंभर रुपयांची एक पोळी!" आई म्हणाली. तिने पहिला घास मोडला, पदर सुटे करून पाहिले आणि बराच वेळ काही बोलली नाही.

मग तिने मला हळूच विचारले, "हिला विचार, पाणी कुठून आणते?"

येथे थोडे मागचे सांगणे भाग आहे. वडील अकाली गेल्यावर माळव्यातील आमच्या गावी आईने एकोणीस वर्षे पोह्यांची हातगाडी चालवली. ती पहाटे चारला उठे. पाणी दोन गल्ल्यांपलीकडील सार्वजनिक नळावरून आणावे लागे. शाळेत जाण्यापूर्वी कळशा भरून आणणे हे माझे काम होते. पाणी बेताचे, म्हणून बशा एकाच बादलीत बुडवाव्या लागत. गिऱ्हाईक ती बादली पाहू नये म्हणून आई ती गाडीच्या आड ठेवी. त्या बादलीची लाज तिला गरिबीपेक्षा जास्त वाटत असे. एके सकाळी रस्ता मोकळा करणाऱ्या माणसांनी गाडी उचलून नेली. आठ दिवसांनी दंड भरून ती सोडवून आणली, तेव्हा एक चाक वाकलेले होते आणि मोठे पातेले नाहीसे झाले होते. आई त्याबद्दल कोणापाशी बोलली नाही. पण पुढे कितीतरी वर्षे मोठ्या मोटारीचा भोंगा वाजला, की तिचा हात आधी पातेल्याकडे जाई.

बाईंना इंग्रजी बेताचेच येत होते. त्यांचा मुलगा मदतीला आला. पाण्याचा प्रश्न ऐकून तो गोंधळला, मग बाजूला सरून त्याने आतली बाजू दाखवली. गाळ्याच्या आतच नळ, धुण्याची मोरी आणि सांडपाण्याचा निचरा. आईने वाकून नळ पाहिला. "तोटी सोडून दाखव म्हणावं," ती म्हणाली. त्याने सोडली. पाण्याची धार जोरात पडली.

"आणि गाडी उचलून न्यायला येतात का?"

हा प्रश्न मी दोनदा फोडून सांगितला तरी मुलाला उमगला नाही. त्याच्या आईला मात्र उमगला असावा. सासऱ्यांच्या वेळी असे होई, असे ती तव्यावरची नजर न काढता म्हणाली. सासरे रस्त्यावर गाडी लावत. पुढे त्यांना येथे गाळा मिळाला.

त्या एका वाक्यामागे मोठा इतिहास आहे. एकेकाळी सिंगापूरच्या रस्त्यांवरही हजारो फेरीवाले होते. सांडपाणी व उष्टे गटारांत जाई, रोगराई पसरे आणि विक्रेत्यांची पळापळ होई. १९६८-६९ मध्ये देशभर त्यांची नोंदणी झाली. १९७१ ते १९८६ या काळात पाणी, वीज व निचऱ्याची सोय असलेली केंद्रे बांधून विक्रेत्यांना परवान्यासह तेथे हलवण्यात आले. आज अशी शंभराहून अधिक केंद्रे आहेत आणि डिसेंबर २०२० मध्ये युनेस्कोने या खाद्यसंस्कृतीचा मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत समावेश केला. तरी तेथे सारे आलबेल आहे असे मानू नये. विक्रेत्यांचे वय साठीच्या घरात गेले आहे आणि चुलीपुढचे लांब तास तरुणांना नकोसे वाटतात. रस्त्यावरची रौनकही छपराखाली थोडी हरवतेच. पण नळापुढे रौनकीचे कौतुक मला फारसे वाटत नाही. कळशा वाहिलेल्या माणसाला ते वाटणारही नाही.

आपल्या देशातही २०१४ मध्ये पथविक्रेत्यांच्या उपजीविकेच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्यानुसार विक्रेत्यांचे सर्वेक्षण करून त्यांना विक्रीचे प्रमाणपत्र द्यावयाचे असते आणि सर्वेक्षण पूर्ण होईपर्यंत कोणाला हटवता येत नाही. जप्त केलेला नाशवंत माल विक्रेत्याने मागितल्यावर त्याच दिवशी परत करावा लागतो. हे मी आईला सांगितले. "त्याच दिवशी?" तिने विचारले. "आणि पातेलं?" इतर वस्तू दोन कामकाजाच्या दिवसांत, मी म्हणालो. तिने मान हलवली. तिची गाडी तर त्या कायद्याच्या कितीतरी आधीच बंद झाली होती.

उठताना मुलीने सर्व ताटल्या उचलून ठरलेल्या जागी नेऊन ठेवल्या. २०२१ पासून तेथे हे प्रत्येकावर बंधनकारक आहे.

वरच्या मजल्यावर साड्यांची दुकाने पाहून पत्नीचा चेहरा खुलला, पण आईने एका साडीचा काठ चिमटीत धरून निकाल दिला, "ही आपल्याकडचीच. आपल्या मागनं विमानात बसून आली." संध्याकाळी आम्ही सय्यद अल्वी रोडवरील मुस्तफा सेंटर या बहुमजली दुकानात गेलो. सुईपासून सोन्यापर्यंत सारे तेथे मिळते, आणि पाय दुखू लागेपर्यंत माणूस बाहेर पडत नाही. एकाच दुकानातून किमान १०० डॉलरची खरेदी केली, तर पर्यटकाला वस्तूंवरील ९ टक्के कराचा परतावा परत जाताना विमानतळावर मागता येतो. या शंभराच्या मोहापायी आम्ही चॉकलेटे, छत्री आणि नको असलेले एक घड्याळ घेतले, हे कबूल केले पाहिजे.

आई भांड्यांच्या विभागात थांबली होती. तिच्या हातात रुंद पात्याचा एक कालथा होता, सकाळच्या गाळ्यावरच्यासारखा. किंमत सहा डॉलर. "तीनशे नव्वद," असे म्हणून तिने तो जागेवर ठेवला. चार पावले गेली, परत आली, पुन्हा उचलला. पाते बोटाने वाकवून पाहिले. मी पैसे देऊ लागलो, तर तिने मला थांबवले आणि कमरेच्या पिशवीतून स्वतःच्या नोटा काढल्या. निघण्यापूर्वी मीच त्या तिला बदलून दिल्या होत्या.

रात्री खोलीवर सगळे दमून आडवे झाले. आईने कालथा कागदातून काढला, धुतला आणि उशाशी ठेवला. मग तिने आपले घड्याळ हातात घेतले आणि काटे अडीच तास पुढे केले.

"ती बाई सकाळी कितीला येते, विचारलंस का?" तिने अंधारात विचारले. "पीठ मळताना बघायचंय मला."

शब्दार्थ

कालथा – तव्यावरील पदार्थ उलटण्याचे वा हलवण्याचे पसरट साधन. गाळा – बाजारातील दुकानाची ठरावीक जागा. निचरा – सांडपाणी वाहून जाण्याची व्यवस्था. अमूर्त – ज्याला वस्तुरूप नाही असे. नाशवंत – लवकर खराब होणारे. रौनक – शोभा, चैतन्य. आलबेल – सर्व ठीक. परतावा – भरलेल्या रकमेतून परत मिळणारा भाग.

भाषाभ्यास

मलय भाषेत किमतीला 'हार्गा' म्हणतात. हा शब्द संस्कृत 'अर्घ' (मूल्य) या शब्दापासून आला आहे. त्याच 'अर्घ'पासून संस्कृतात 'महार्घ' म्हणजे मोठ्या मोलाचा हा शब्द झाला आणि त्यावरून मराठीत 'महाग' आला. म्हणजे आईच्या तोंडचा 'महाग' आणि तेथील 'हार्गा' हे एकाच कुळातले! 'सिंगापूर' या नावातही 'सिंह' आणि 'पुर' हे शब्द आहेत. मलय 'बहासा' म्हणजे भाषा, आणि 'कडाई' म्हणजे दुकान. हा दुसरा शब्द मात्र तमिळमधून आला आहे. तुमच्या राज्यातील भाषेत 'महाग' या अर्थी कोणता शब्द आहे? त्याचे मूळ शोधा.

स्वाध्याय

१. आईने गाळ्यावर प्रथम पाण्याविषयीच का विचारले? पाठाच्या आधारे लिहा.

२. "बादलीची लाज तिला गरिबीपेक्षा जास्त वाटत असे." या वाक्याचा आशय स्पष्ट करा.

३. कालथ्याचे पैसे आईने स्वतः का दिले असावेत? पाठात याचे उत्तर थेट दिलेले नाही. तुम्हांला काय वाटते ते पाच-सहा वाक्यांत लिहा.

४. रस्त्यावरील विक्रेत्यांना छपराखाली हलवण्याचे फायदे आणि तोटे कोणते? लेखकाच्या मताशी तुम्ही सहमत आहात का?

५. तुमच्या परिसरातील एखाद्या हातगाडीवाल्याशी किंवा हातगाडीवालीशी बोला. पाणी कोठून आणतात, दिवस कधी सुरू होतो, विक्रीचे प्रमाणपत्र मिळाले आहे का, हे विचारा आणि त्यांच्या परवानगीने त्यावर दीडशे शब्दांत लिहा.