पांढरा स्तूप, काळी मारबत आणि कॅमेऱ्याचे मीटर

नागपूर

चि. भाचीस,

डीएसएलआर कॅमेऱ्यात फोटो किती उजळ येणार हे तीन गोष्टींवर ठरते : भिंगाचे छिद्र म्हणजे ॲपर्चर, पडदा किती वेळ उघडा राहतो तो शटरचा वेग, आणि आयएसओ म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता. तिन्ही एकदम हाताळायला गेले की नवशिका गोंधळतो आणि मुकाट्याने ऑटोवर परततो. म्हणून पहिले काही महिने डायल ॲपर्चर प्रायॉरिटीवर ठेवावा. निकॉनवर तिथे ‘ए’ लिहिलेले असते, कॅननवर ‘एव्ही’. ॲपर्चर शिकणाऱ्याने ठरवायचे, वेग कॅमेरा ठरवतो. एफ/१.८ला छिद्र मोठे असते आणि चेहऱ्यामागचा पसारा पुसट होतो. एफ/८ला इमारत पुढून मागपर्यंत रेखीव येते. वेगाचा आकडा मात्र दर वेळी व्ह्यूफाइंडरमध्ये वाचावा. ५५ मिलिमीटरवर तो १/१००च्या खाली उतरला की हात हलल्याची खूण दिसू लागते. अशा वेळी आयएसओ बिनधास्त वाढवावा. दाणेदार फोटो चालतो, हललेला चालत नाही.

खरे शिक्षण कॅमेऱ्याच्या प्रकाश मोजणाऱ्या मीटरपाशी सुरू होते, आणि त्यासाठी नागपूरसारखे गाव नाही. मीटरला समोर काय आहे ते कळत नाही. समोरचे दृश्य सरासरीने मध्यम करडे आहे असे धरून ते हिशोब करते. दीक्षाभूमीच्या स्तूपाचा पांढरा घुमट चौकट भरून घेतला, की मीटरला उजेड फार वाटतो, ते प्रकाश कापते आणि घुमट मळकट दिसतो. तिथे एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन +१वर न्यावे. तान्ह्या पोळ्याला इतवारी-महालातून निघणाऱ्या काळ्या मारबतीचे नेमके उलटे. १८८०च्या दशकापासून चालत आलेल्या या मिरवणुकीतली ती काळी प्रतिमा चौकटीत मोठी आली, की मीटर प्रकाश वाढवते, काळा रंग राखाडी होतो आणि वरचे आकाश फटफटीत पांढरे पडते. तिथे −१ लागते. त्याच मिरवणुकीतल्या पिवळ्या मारबतीपाशी फारसा फेरफार लागत नाही. कॅमेऱ्यामागच्या स्क्रीनवरच्या चित्रावर भर उन्हात विसंबू नये, हिस्टोग्राम म्हणजे उजेडाचा आलेख पाहावा. त्याचा डोंगर उजव्या कडेला आदळला असेल तर तिथला तपशील कायमचा गेला. रॉ फाइलमध्ये थोडे सावरता येते, सगळे नाही.

मीटर बरोबर सांगते का, हे पडताळण्याची एक जुनी रीत आहे. स्वच्छ उन्हात एफ/१६, आयएसओ १०० आणि वेग १/१००. एवढ्यावर फोटो जवळपास ठीक येतो. मे महिन्यातल्या दुपारी हा प्रयोग तेवढा करून घरी परतावे, कारण त्या उन्हात डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात आणि चेहरा कुणाचाच चांगला येत नाही. माणसांसाठी सकाळी आठच्या आतला उजेड घ्यावा. संध्याकाळी फुटाळा तलावावर सूर्याच्या बाजूच्या आकाशावर, पण सूर्य चौकटीबाहेर ठेवून, मीटर घ्यावे. काठावरची माणसे मग काळ्या आकृत्यांसारखी उठून दिसतात.

मिरवणुकीत १/५०० वेग आणि सतत फोकस, म्हणजे निकॉनवर एएफ-सी, कॅननवर एआय सर्वो. फोकसचा एकच बिंदू निवडून तो डोळ्यावर ठेवावा. गर्दीतही अनोळखी माणसाच्या तोंडासमोर भिंग एकदम नेऊ नये. आधी नजरेने विचारावे, आणि नकार आला तर कॅमेरा खाली घ्यावा. अकोल्याचे छायाचित्रकार सुधारक ओलवे यांना २०१६ साली पद्मश्री मिळाली. मुंबईच्या सफाई कामगारांचे त्यांचे फोटो आवर्जून पाहावेत. त्या माणसांत वर्षानुवर्षे वावरल्याशिवाय तसे फोटो मिळत नाहीत.

खरेदीची घाई नको. ताडोबा आणि पेंच जवळ असल्याने नागपुरात नवशिक्याची नजर आधी वाघाच्या मोठ्या लेन्सकडे जाते. ती लेन्स भाड्याने आणता येते. १८-५५ची किट लेन्स पहिल्या वर्षाला पुरेशी आहे. ५० मिलिमीटर एफ/१.८ स्वस्त आणि उत्तम, पण लहान सेन्सरवर ती ७५-८० मिलिमीटरसारखी दिसते, म्हणून इतवारीच्या बोळात अडचणीची ठरते. कंपन्यांचे लक्ष मिररलेसकडे वळल्याने वापरलेले डीएसएलआर आता कमी पैशांत मिळतात. घेताना शटर किती वेळा उडाले आहे ते विचारावे आणि लेन्स उजेडासमोर धरून आत जाळी आहे का ते पाहावे.

ती जाळी म्हणजे बुरशी. विदर्भात उन्हाळाभर घरोघरी कूलर चालतो आणि त्याच्या हवेत ओलावा असतो. पुढे पावसाळा आहेच. कॅमेरा कूलरच्या खोलीत उघडा ठेवू नये, हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवावा आणि पुड्या वेळेवर बदलाव्या. बुरशीने भिंगावरचा लेप एकदा खाल्ला, की साफसफाईने तो परत येत नाही.

तुझा मामा