थरोब्रेड अश्वाची वंशपरीक्षा : त्रिविध परीक्षेच्या आधारे एक विवेचन

प्रास्ताविक

आयुर्वेदाची व्याप्ती मनुष्यशरीरापुरती मर्यादित नाही. शालिहोत्रसंहिता, नकुलाचे अश्वचिकित्सित, जयदत्ताचे अश्ववैद्यक ही ग्रंथसंपदा अश्वायुर्वेदाची साक्ष देते. उत्तर भारतात घोड्याच्या वैद्याला ‘सलोतरी’ म्हणत. त्या शब्दात शालिहोत्राचेच नाव दडलेले आहे. कौटिल्याने अश्वाध्यक्षाला जी नोंदवही ठेवण्यास सांगितले, तीत प्रत्येक घोड्याचे कुल, वय, वर्ण, चिन्हे, वर्ग व आगम लिहिण्याचा आदेश आहे. त्यात कुल प्रथम येते. परंतु परीक्षा कुलापाशी संपत नाही.

मीरा-भाईंदर परिसरातील वैद्यांना या विषयाचे प्रयोजन काय, असा प्रश्न साहजिक आहे. महालक्ष्मी रेसकोर्स आपल्याच पश्चिम रेल्वेमार्गावर आहे. शर्यतीतून निवृत्त झालेले थरोब्रेड घोडे पुढे रपेट, उडीस्पर्धा वा प्रजनन यांसाठी विकत घेतले जातात. २०२३ मध्ये हांगझोऊ येथे झालेल्या आशियाई क्रीडास्पर्धेत भारताने ड्रेसाज या अश्वक्रीडेत सांघिक सुवर्णपदक मिळवले. त्या संघात मुंबईचे हृदय छेडा होते. अशा वार्ता ऐकून परिचयातील एखादे कुटुंब मुलासाठी घोडा घेऊ पाहते, दलाल वंशपत्रिका पुढे करतो आणि ‘जातिवंत रक्त’ या दोन शब्दांवर मोठी रक्कम दिली जाते. अशा वेळी वैद्य म्हणून आपले मत विचारले गेल्यास काय सांगावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

थरोब्रेड जातीचा परिचय

थरोब्रेड ही जात सतराव्या-अठराव्या शतकांत इंग्लंडमध्ये घडली. बायर्ली टर्क, डार्ली अरेबियन व गोडॉल्फिन अरेबियन हे तीन घोडे तिचे मूळपुरुष मानले जातात. आज जगातील सुमारे ९५ टक्के थरोब्रेड नरांची पितृपरंपरा एकट्या डार्ली अरेबियनपर्यंत पोहोचते. म्हणून ‘हा अमुक मूळपुरुषाच्या घराण्यातला’ हे वाक्य विक्रेत्याच्या तोंडी कितीही भारदस्त वाटले, तरी निवडीच्या दृष्टीने त्याला अर्थ नाही. जवळपास सारेच त्या घराण्यातले आहेत.

ही जात वेगासाठी निवडली गेली. क्रीडाश्वाकडून मात्र उडी, लवचिक चाल, स्वाराशी सहकार्य व दीर्घकाल टिकणारे पाय अपेक्षित असतात. शर्यतीची नोंद यांपैकी फार थोड्या गुणांविषयी बोलते. हा भेद ध्यानात ठेवूनच वंशपत्रिका उघडावी.

बीजविचार

चरकाचार्यांनी शारीरस्थानात बीज, बीजभाग व बीजभागावयव असा सूक्ष्म विचार मांडला आहे. बीजाचा जो भाग दूषित, त्यापासून होणारा अवयव विकृत. संपूर्ण अपत्य विकृत होईल असे नाही. गुणांनाही हाच न्याय लावता येतो. पित्याकडून अर्धा व मातेकडून अर्धा वाटा येतो. आजोबांचा सरासरी चतुर्थांश, पणजोबांचा अष्टमांश, त्यामागील पिढीतील एकेका पूर्वजाचा षोडशांश. पाचव्या पिढीतील कीर्तिमान नाव हे बत्तिसावा अंश असते. त्या नावासाठी किंमत वाढवून देणे म्हणजे नाममात्र केशराच्या योगाला शुद्ध केशराचा भाव देणे होय.

सुश्रुताचार्यांनी गर्भसंभवासाठी ऋतू, क्षेत्र, अंबू व बीज अशी चार कारणे सांगितली. वंशपत्रिकेत केवळ बीज दिसते. मातेचे पोषण, शिंगराची कुरणे, पहिली दोन वर्षे, शिक्षकाचा हात यांची नोंद तीत नसते. इंग्लंडमध्ये २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार, शर्यतीच्या घोड्यांच्या आयुष्यभराच्या कमाईतील भिन्नतेपैकी सुमारे दहा टक्केच आनुवंशिक कारणांनी स्पष्ट होते. व्यवहारातील दाखलेही बोलके आहेत. २००६ मध्ये ‘द ग्रीन मंकी’ हा दोन वर्षांचा घोडा वंश व वेग पाहून १ कोटी ६० लाख डॉलरना विकला गेला. तो तीन शर्यती धावला, एकही जिंकला नाही. उलट १७,५०० डॉलरना घेतलेला ‘सिएटल स्लू’ १९७७ मध्ये अमेरिकेच्या तिहेरी मुकुटाचा मानकरी ठरला.

म्हणून वंश टाकाऊ ठरतो काय? नाही. वंश ही संभाव्यता आहे, निश्चिती नव्हे. तिचे मोजमाप करण्यास त्रिविध परीक्षा उपयोगी पडते.

१. आप्तोपदेश : वंशपत्रिकेचे वाचन

भारतातील थरोब्रेड घोड्यांची वंशनोंद रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लबच्या अधिपत्याखालील, पुणे येथील स्टडबुक कार्यालयात ठेवली जाते. शिंगराचे जनकत्व जनुकीय चाचणीने पडताळले जाते. म्हणून पत्रिकेतील नावे सामान्यतः विश्वसनीय असतात. प्रश्न उरतो तो समोरचा घोडा त्याच पत्रिकेतला आहे काय, हा. अंगावरील खुणा, भोवरे व सूक्ष्मचिप यांचा ओळखपत्राशी मेळ घालणे ही पहिली पायरी होय.

पत्रिका वाचताना पुढील बाबी पाहाव्यात :

• विक्रीसूचीत मोठ्या शर्यतींतील यशस्वी घोड्यांची नावे ठळक अक्षरांत छापतात. ती पहिल्या व दुसऱ्या मातेखाली आहेत, की चौथ्या मातेखाली, हे मोजावे. दूरची ठळक अक्षरे पान भरतात. घोडा घडवत नाहीत.

• ‘सावत्र भाऊ’ ही संज्ञा या व्यवहारात एका मातेच्या अपत्यांनाच लावतात. एका नराची वर्षाला शंभराहून अधिक शिंगरे असू शकतात. घोडीचा गर्भकाल अकरा महिन्यांचा असल्याने तिला वर्षाला एकच. एकाच पित्याच्या घोड्याला कोणी ‘विजेत्याचा भाऊ’ म्हणत असेल, तर तो शब्दच्छल समजावा.

• कुळातील घोडे किती अंतरावर जिंकले ते पाहावे. १००० ते १२०० मीटरच्या अतिवेगवान कुळांत पिछाडी जड व बांधा पुढे झुकलेला असण्याचा संभव अधिक. इंडियन डर्बीसारख्या २४०० मीटरच्या शर्यतींतील कुळांत दम व लांब चाल आढळण्याचा संभव अधिक. क्रीडाश्वासाठी सामान्यतः दुसरा प्रकार बरा.

• किती वर्षे व किती वेळा धावला, हे यशापेक्षाही महत्त्वाचे. पाच वर्षे सातत्याने धावून निरोगी राहिलेल्या साधारण घोड्याचे पाय एक शर्यत जिंकून जायबंदी झालेल्या घोड्यापेक्षा अधिक भरवशाचे असतात.

२. अनुमान : भावंडे व संतती

बीज दृष्टीस पडत नाही. त्याचे अनुमान फलावरून करावे. ‘रझीन’ हा नॉर्दर्न डान्सरचा पुत्र १९९० च्या एप्सम डर्बीत सर्वाधिक पसंतीचा असूनही सपशेल मागे पडला. तोच पुढे हरियाणातील उषा स्टडमध्ये आल्यावर भारतातील अग्रगण्य जनक ठरला. स्वतःची हार म्हणजे बीजाची हार नव्हे, हे यावरून दिसते.

क्रीडाश्वांच्या बाबतीत हे अधिकच खरे आहे. जर्मनीतील होल्स्टाइन प्रांतात १९६० च्या दशकात आणलेल्या ‘लेडीकिलर’ या थरोब्रेडचे पुत्र लॉर्ड व लांडग्राफ उडीच्या घोड्यांचे विख्यात जनक झाले. २०१२ व २०१६ या दोन्ही ऑलिंपिकमध्ये इव्हेंटिंगचे वैयक्तिक सुवर्ण मिळवणाऱ्या ‘सॅम’चा पिता ‘स्टॅन द मॅन’ हा थरोब्रेडच होता. १९८४ मध्ये लॉस एंजेलिस येथे उडीचे वैयक्तिक सुवर्ण मिळवणारी ‘टच ऑफ क्लास’ ही घोडी तर शुद्ध थरोब्रेड. शर्यतीत तिने नाव काढले नव्हते. तेव्हा ‘या घोड्याच्या किती भावंडांनी रेसकोर्स सोडल्यावर दुसरे काम चांगले केले?’ हा प्रश्न विक्रेत्याला अवश्य विचारावा. उत्तर नसेल, तर वंशाची किंमत क्रीडेसाठी शून्य धरून केवळ घोड्याची किंमत करावी.

३. प्रत्यक्ष : समोरचा घोडा

आपल्याकडे सारंगखेड्याच्या यात्रेत आजही देवमण व भोवरे पाहून घोड्याचे शुभाशुभ ठरवले जाते. ओळख पटवण्यास भोवरे उत्तम. पायाचे बळ मात्र भोवऱ्यात नसते. प्रत्यक्षात पाहावयाचे ते असे : खुरांचा तळ व भिंत (थरोब्रेडमध्ये ती बहुधा पातळ), खांद्याचा तिरपेपणा, चालताना व दुडकीत पावलांची समता, वळणावर लंगडेपणा, श्रमानंतर श्वासाचा घरघराट, नाकातून रक्त येण्याचा पूर्वेतिहास. श्वासाच्या घरघराटास कारणीभूत होणारा स्वरयंत्राचा पक्षाघात व सांध्यांतील काही अस्थिविकार यांत कुलज अंश मानला जातो. म्हणून ते आढळल्यास भावंडांचीही चौकशी करावी. तसेच स्वभाव. वातप्रधान, चंचल, क्षणात बिथरणारा घोडा कुशल स्वाराच्या हाती रत्न ठरेल. बारा वर्षांच्या मुलाच्या हाती तो अपघात होय.

क्ष-किरण, श्वासनलिकेची तपासणी तसेच ग्लँडर्स व संसर्गजन्य रक्तक्षय यांच्या रक्तचाचण्या नोंदणीकृत पशुवैद्याकडून, तेही विक्रेत्याशी संबंध नसलेल्याकडून, करून घ्याव्यात. ग्लँडर्स हा मनुष्यालाही होणारा घातक रोग आहे, हे वैद्यांनी विशेषत्वाने सांगावे.

प्रजननासाठी : अतुल्यगोत्राचा विचार

चरकसंहितेच्या शारीरस्थानातील दुसऱ्या अध्यायाचे नावच ‘अतुल्यगोत्रीय’ आहे. थरोब्रेडची नोंदवही बंद असल्याने समगोत्रता टाळणे सोपे नाही. ती मोजणे मात्र शक्य आहे. नर व घोडी यांचा एक आजोबा समान असेल, तर शिंगराच्या पत्रिकेत तो दोन्ही बाजूंना तिसऱ्या पिढीत येतो व अंतःप्रजननाचे प्रमाण १/३२, म्हणजे ३ टक्क्यांहून किंचित अधिक होते. दोघांचा पिता एकच असेल, तर ते १/८, म्हणजे साडेबारा टक्के. पहिले बहुधा चालते, दुसरे टाळावे. समान पूर्वज दोषयुक्त असेल, तर पहिलेही टाळावे.

आणखी एक नियम जाणून असावा. थरोब्रेड म्हणून नोंद हवी असल्यास नैसर्गिक संयोगच मान्य आहे. कृत्रिम रेतनाने झालेल्या शिंगराची नोंद होत नाही. क्रीडाश्वांच्या बहुतेक नोंदवह्यांत मात्र ते चालते. कोणती नोंद हवी, हे घोडी भरवण्यापूर्वी ठरवावे.

वैद्य व औषधालयांची मर्यादा

कुलज दोष औषधाने जात नाही. तसे आश्वासन कोणी मागितल्यास देऊ नये. शिवाय भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ अन्वये पशुचिकित्सा हा नोंदणीकृत पशुवैद्याचा अधिकार आहे.

औषधालयचालकांनी एक गोष्ट कटाक्षाने पाळावी. कुचला, अहिफेन व धत्तूर यांच्या कल्पांतील स्ट्रिक्नीन, मॉर्फिन व अ‍ॅट्रोपीन ही द्रव्ये शर्यती व अश्वक्रीडा यांत निषिद्ध आहेत. चहातील कॅफिनही त्यातच येते. २००८ च्या ऑलिंपिकमध्ये, हाँगकाँग येथे झालेल्या अश्वस्पर्धांत, मिरचीतील कॅप्सेसिन आढळल्याने घोडे बाद झाले व नॉर्वेच्या संघाला कांस्यपदक गमवावे लागले. वेदनाहर कल्प विक्रीपूर्वी दिल्यास लंगडेपणा झाकला जातो आणि प्रत्यक्ष परीक्षाच खोटी ठरते. म्हणून खरेदीच्या दिवशी रक्ताचा नमुना राखून ठेवण्याची अट ग्राहकाला सुचवावी. आणि ‘घोड्यासाठी थोडे द्या’ असे म्हणणाऱ्याला पशुवैद्याच्या चिठ्ठीवाचून काहीही देऊ नये.

उपसंहार

सारांश, पत्रिकेतील पहिल्या दोन पिढ्या वाचाव्यात, मातेच्या अपत्यांची चौकशी करावी आणि अखेरचा निर्णय समोरच्या घोड्याच्या पायांवर, श्वासावर व स्वभावावर सोडावा. तिन्ही परीक्षांचा मेळ बसल्यास वंशासाठी चार पैसे अधिक द्यावेत. पत्रिका व प्रत्यक्ष यांत विरोध आल्यास प्रत्यक्षाला प्रमाण मानावे. चुकीच्या घोड्यामुळे ग्राहकाचे द्रव्य तर जातेच. परंतु न पेलणाऱ्या कामाला जुंपलेल्या मुक्या प्राण्याचे उरलेले आयुष्य वेदनेत जाते. ते टळले, तर आपण दिलेल्या सल्ल्याचे सार्थक झाले असे समजावे.